दोन नद्या, दोन भाषा आणि एक गाव : हत्तरसंग कुडल



तिसरीच्या परिसर अभ्यासात मुलं आपला जिल्हा शिकतात. चौथीला शिवराय येतात. पुढे हडप्पा, मौर्य, मोगल, इंग्रज, फ्रेंच राज्यक्रांती असं करत करत मूल दहावीला पोहोचतं. या सगळ्या वाटचालीत त्याचं स्वतःचं गाव फारसं कुठे भेटत नाही. मग मुलाची समजूत अशी होते की इतिहास म्हणजे दिल्ली, पुणे, रायगड. आणि भूगोल म्हणजे हिमालय नाहीतर ॲमेझॉन. आपल्या गावात काय आहे? एक ओढा, एक देऊळ, एक पार. त्यात शिकण्यासारखं काय?

आज आपण एक लहानसं गाव घेऊ आणि त्यात शिकण्यासारखं किती आहे ते पाहू. गाव आपल्याच जिल्ह्यातलं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. हत्तरसंग कुडल. खरं तर ही शेजारची दोन गावं, पण सगळे एका दमात एकच नाव घेतात. हा पाठ इतिहासाच्या तासाला चालेल, भूगोलाच्या, मराठीच्या आणि गणिताच्याही. गणित कसं, ते पुढे येईलच.

गाव कुठे आहे?

वर्गात भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा काढा आणि मुलांना सोलापूर शहरावर बोट ठेवायला सांगा. तिथून बोट विजयपूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे न्यायचं. आधी वडकबाळला सीना नदीचा पूल लागतो. मग मंद्रूप. पुढे टाकळी, आणि टाकळीच्या पलीकडे भीमा नदी. भीमेच्या त्या काठावर धूळखेड, म्हणजे कर्नाटक राज्य. आपल्याला भीमा ओलांडायची नाही. त्याआधीच डावीकडे, पूर्वेला वळायचं. सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटरवर हत्तरसंग कुडल येतं.

आता मुलांना विचारा, की आपण एक नदी ओलांडली आणि दुसरी ओलांडली नाही, तर आपण कुठे आहोत? बरोबर, दोन नद्यांच्या मधे. अशा जमिनीला दुआब म्हणतात. गंगा-यमुनेचा दुआब पुस्तकात असतो. भीमा-सीनेचा दुआब आपल्या घराजवळ आहे आणि त्याच्या टोकाला हे गाव आहे. इथे सीना भीमेला मिळते. नकाशात हा आकार करवतीच्या दातासारखा निमुळता दिसतो. मुलांना तो वहीत काढायला लावा. एकदा हाताने काढला की विसरत नाहीत.

दोन नद्यांची गोष्ट

भीमा उगम पावते भीमाशंकरला, पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या भरपूर पावसात. तिथून ती आग्नेयेकडे येते. वाटेत उजनीचं धरण लागतं, नीरा नरसिंगपूरला नीरा मिळते, पंढरपूरला वळण घेताना तिचं नाव चंद्रभागा होतं. मग आपल्या दक्षिण सोलापुरात ती येते. एकूण सुमारे ८६० किलोमीटर वाहून ती रायचूरजवळ कृष्णेला मिळते.

सीना तशी नाही. तिचा उगम अहिल्यानगरच्या परिसरात, म्हणजे मुळातच कमी पावसाच्या पट्ट्यात. सह्याद्रीचं पाणी तिला नाही. करमाळा, माढा, मोहोळ असे दुष्काळाला तोंड देणारे तालुके ओलांडत ती येते. म्हणून सीना उन्हाळ्यात कोरडी आणि परतीचा पाऊस झोडपला की एकदम अनावर. सप्टेंबर २०२५ मधला सीनेचा महापूर मुलांनी स्वतः पाहिलाय किंवा घरात ऐकलाय. माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरलं, उभी पिकं गेली, काही ठिकाणी वावरातली मातीच खरवडून गेली. हा विषय वर्गात काढताना जपून काढा. ज्यांच्या घरात पाणी आलं ती मुलं तुमच्या समोर बसलेली असतील. पण काढा जरूर, कारण भूगोल त्यांना त्या दिवसात जसा कळला तसा पुस्तकातून कधी कळणार नाही.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. भीमा आणि सीना निसर्गतः कुडलला भेटतात. पण त्याच्या कितीतरी वर माणसाने त्यांची आणखी एक भेट घडवली आहे. उजनी धरणाचं पाणी भीमा-सीना जोडबोगद्यातून सीनेत सोडतात. म्हणजे सीनेत आज जे पाणी दिसतं त्यात भीमेचंही असू शकतं, आणि ते कुडलला पुन्हा भीमेतच येऊन मिळतं. पाण्याचा हा फेरा मुलांना बाणांनी काढायला सांगा.

सोलापूर शहराची तहानही याच पट्ट्याशी बांधलेली आहे. शहराला पाणी देण्याच्या ज्या योजना आहेत, त्यातली एक टाकळीची. त्यासाठी उजनीतून भीमेच्या पात्रात पाणी सोडतात, ते औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवतात आणि टाकळीहून शहराकडे उचलतात. शहरातल्या मुलांना नळ माहीत असतो, नदी माहीत नसते. नळापासून उलटं चालत गेलं की टाकळी येते, उजनी येते आणि शेवटी भीमाशंकरचा डोंगर येतो.

काळी माती, काळा दगड

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत. पण जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. म्हणून पावसाळ्यात शेत तयार करायचं आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी घ्यायची, ही इथली जुनी रीत. नदीकाठाला आज उसाचे फड दिसतात. ते धरण, बंधारे आणि मोटारीनंतरचं चित्र आहे.

ही काळी माती आली कुठून? बेसाल्टपासून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. त्याच खडकाची झीज होऊन माती झाली, आणि तोच खडक घडवून देवळं झाली. ज्वारीचं कणीस आणि देवळाचा खांब ही एकाच खडकाची दोन लेकरं आहेत असं मुलांना सांगितलं तर भूगोल आणि इतिहास यांच्यामधली भिंत आपोआप पडते.

नावात काय आहे?

आता मराठीच्या तासाकडे वळू. किंवा कानडीच्या म्हणा.

‘कूडल’ हा शब्द कानडी आहे. ‘कूडु’ म्हणजे एकत्र येणे, मिळणे. कूडल म्हणजे मिळण्याची जागा, संगम. म्हणजे ‘कुडल संगम’ असं म्हटलं की आपण एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा म्हणतो. आपण ‘पावरोटी’ म्हणतो ना, तसंच. पाव म्हणजे पोर्तुगीजांची रोटीच.

आणि ‘हत्तरसंग’? कानडीत ‘हत्तिर’ म्हणजे जवळ. संगमाजवळचं गाव म्हणून हत्तरसंग, असा अंदाज कानडी जाणणाऱ्याच्या मनात लगेच येतो. हा अंदाजच आहे हे मुलांना सांगा आणि गावातल्या जाणत्या माणसांना ते काय सांगतात हे विचारून यायला लावा. गावांच्या नावांबाबत अंदाज बांधणं आणि मग तो तपासणं, हीच तर अभ्यासाची सुरुवात.

दोन गोष्टींची गल्लत मात्र टाळा. सिंधुदुर्गातलं कुडाळ वेगळं. आणि कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं कूडलसंगम तेही वेगळं. तिथे कृष्णा आणि मलप्रभा मिळतात. महात्मा बसवेश्वरांचं शिक्षण तिथे झालं, त्यांची समाधीही तिथेच आहे, आणि त्यांच्या वचनांत शेवटी ‘कूडलसंगमदेव’ ही मुद्रा येते.

संगमावरून गावाला नाव पडणं ही काही आपलीच रीत नाही. तमिळनाडूतलं कडलूर हे मुळात कूडलूर, संगमाचं गाव. जर्मनीत ऱ्हाइन आणि मोझेल नद्या मिळतात तिथल्या शहराचं नाव कोब्लेंझ. फ्रान्समध्ये सेन आणि वाझ नद्या मिळतात तिथलं गाव कॉन्फ्लां. ही दोन्ही नावं लॅटिनमधल्या ‘एकत्र वाहणारे’ या अर्थाच्या एकाच शब्दातून निघाली. माणसं कुठलीही असोत, दोन पाणी मिळतात तिथे ती थांबतात, वस्ती करतात आणि त्या मिळण्याचंच नाव गावाला देतात.

तुळईवरचा लेख

संगमावर दोन जुनी देवळं आहेत, संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. दोन्ही चालुक्यांच्या काळातल्या घडणीची. हे कल्याणीचे चालुक्य. बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण ही पुढे त्यांची राजधानी झाली. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला या भागावर त्यांचा राजा दुसरा जयसिंह याची सत्ता होती.

संगमेश्वराच्या सभामंडपात मान वर करून पाहायचं. तिथल्या एका दगडी तुळईवर एक छोटा लेख कोरलेला आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी आयुष्यभर जिल्ह्यातल्या गावागावांत फिरून कोरीव लेख शोधले, वाचले आणि प्रसिद्ध केले. हा लेख अभ्यासकांपुढे आला तो त्यांच्यामुळेच. लेखात शके ९४० असं वर्ष आहे आणि कालयुक्त संवत्सर असा उल्लेख आहे. आणि शेवटी एक छोटंसं मराठी वाक्य आहे : ‘वाछि तो विजेया होईवा’.

हे वाक्य फळ्यावर लिहा आणि काही न सांगता मुलांना अर्थ विचारा. थोडी अडखळतील, पण बहुतेक जण जवळ पोहोचतील. त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे असा लावतात, की जो हे वाचील तो विजयी होईल.

हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आणि पाचवी-सहावीच्या पोराला ते कळतं! यातला ‘तो’ तर जसाच्या तसा आज आपण वापरतो. बाकीच्या शब्दांची रूपं बदलली, पण ओळख पटण्याइतकी शिल्लक आहेत. भाषा कशी बदलते आणि कशी टिकते हे शिकवायला याहून सोपं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता गणित

शके ९४० म्हणजे इसवी सन किती? शकात ७८ मिळवायचे. ९४० + ७८ = १०१८. पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, जानेवारीत नाही. म्हणून त्या शकवर्षाचे शेवटचे दोन-तीन महिने पुढच्या इसवी सनात पडतात. नीट सांगायचं तर शके ९४० म्हणजे इ. स. १०१८-१९.

पण लेखातला आकडा ९४० असाच वाचायचा, हे कशावरून? दगड झिजतो, अंक अस्पष्ट होतात. इथे संवत्सराचं नाव साक्षीला येतं. संवत्सरांची नावं साठ, आणि ती फिरून फिरून येतात. आपल्याकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक.

आधी ओळखीच्या वर्षावर करून पाहू. शके १९४७ हे २०२५ च्या गुढीपाडव्याला सुरू झालं. १९४७ + १२ = १९५९. त्याला ६० ने भागलं की बाकी ३९. एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसू. कॅलेंडर काढून पाहा, त्या पाडव्याला विश्वावसू नाम संवत्सरच सुरू झालं.

आता आपला लेख. ९४० + १२ = ९५२. ६० ने भागलं की भागाकार १५ आणि बाकी ५२. बावन्नावा संवत्सर कोणता? कालयुक्त. दगडावर आहे तोच!

हे गणित सहावीच्या मुलाला येतं. भागाकार आणि बाकी एवढंच लागतं. ‘बाकीचा उपयोग काय सर?’ असं विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर देऊन पाहा. लेख कोरणाऱ्याने वर्ष दोन तऱ्हांनी लिहून ठेवलं, म्हणून हजार वर्षांनी आपल्याला ते ताडून पाहता येतं. पुरावा एकाच साक्षीदारावर सोडू नये, ही इतिहासाची शिस्तही इथेच शिकवता येते.

‘सर्वांत जुना’ म्हणजे काय?

आपल्या जिल्ह्याचा अभिमान म्हणून आपण पटकन सांगतो, की मराठीतला आद्य शिलालेख आमच्या कुडलला आहे. सांगायला हरकत नाही, पण पुढचंही सांगावं.

शाळेत आपण शिकलो ते श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या लेखाबद्दल. तो जुना आहे, पण त्यावर वर्षाचा आकडा कोरलेला नाही. त्याचा काळ इतर पुराव्यांवरून ठरवावा लागतो आणि त्यावर मतभेद आहेत. दुसरा लेख अलिबागजवळच्या अक्षी गावचा. तो शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा धरला जातो. तसं धरलं तर तो कुडलच्याही आधीचा ठरतो. अभ्यासक यावर वाद घालतात आणि घालायलाच हवा.

आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की वर्ष कोरलेल्या अगदी जुन्या मराठी लेखांत कुडलचा लेख नक्की आहे. मुकुंदराजांचा विवेकसिंधू ११८८ चा मानतात, ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे ग्रंथात येण्याच्या दीड-पावणेदोनशे वर्षं आधी मराठी इथे दगडावर आली होती. ‘पहिला नंबर कोणाचा’ यापेक्षा हे अंतर मुलांच्या लक्षात राहिलं तर जास्त बरं.

तीनशे एकोणसाठ मुखं

संगमेश्वराच्या जवळच हरिहरेश्वराचं देऊळ. हरि म्हणजे विष्णू, हर म्हणजे शिव. संगमावरच्या देवळाला दोन देवांचं जोडनाव, हे किती शोभतं पाहा. या देवळाच्या मंडपाचं छत मधे उघडं आहे. अशा मंडपाला स्वर्गमंडप म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरचा स्वर्गमंडप अनेकांनी पाहिलेला असतो, त्याची इथे आठवण होते.

हे देऊळ बराच काळ माती-दगडांच्या ढिगाऱ्यात होतं. १९९९ मध्ये इथे उत्खनन चालू असताना एक शिवलिंग सापडलं, एकाच पाषाणातलं, साधारण माणसाच्या उंचीचं. त्यावर ओळीने छोटी छोटी शिवमुखं कोरलेली आहेत. मोजली तर ३५९. आणि मूळ लिंग धरून ३६०. एकाला नमस्कार केला की ३६० लिंगांना केल्यासारखं, असं भाविक मानतात. बहुमुखी शिवलिंग म्हणून आता ते प्रसिद्ध आहे.

मुलांना नेलं तर एक काम द्या. एक ओळ निवडा, त्यातली मुखं मोजा आणि ओळींच्या संख्येवरून एकूण किती होतील याचा अंदाज करा. ३५९ च्या किती जवळ जाता ते पाहू. मोजता मोजता मूल त्या कारागिराच्या हाताकडे पाहायला लागतं. ‘बघा, किती छान आहे’ असं आपण दहा वेळा सांगून ते होत नाही.

मराठी कुणाची, कानडी कुणाची?

आता या सगळ्याची बेरीज करू. गावाचं नाव कानडी. राज्य चालुक्यांचं, ज्यांच्या दरबाराची आणि बहुतेक शिलालेखांची भाषा कानडी. त्याच राज्यातल्या देवळाच्या तुळईवर मराठी वाक्य. म्हणजे लेख कोरणाऱ्याला भरवसा होता, की इथे येणाऱ्या माणसांत हे वाचणारे आणि ऐकून समजणारे असतील.

सोलापूरच्या माणसाला यात नवल वाटू नये. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांची वचनं कानडीत आहेत. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे चालणाऱ्या गर्दीत दोन्ही भाषा असतात, तेलुगूही असते, दखनीही असते. पंढरीच्या विठ्ठलाला तर संतांनीच ‘कानडा’ म्हटलं.

१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि विजापूर जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. इथली भीमा दोन राज्यांची हद्द झाली. हद्द असावीच लागते, त्याशिवाय कारभार चालत नाही. पण नकाशावरची ती रेघ सत्तर वर्षांची आहे आणि तुळईवरचं वाक्य हजार वर्षांचं. नदी तर दोघांच्या कितीतरी आधीची.

हे मी एवढं लांबवून का सांगतेय? दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांत आपल्या वर्गात बसणारी कितीतरी मुलं घरी कानडी बोलतात. शाळेत आली की त्यांच्या मराठीला हेल येतो, लिंग चुकतं, ‘तो पोरगी’ होतं. मग वर्ग हसतो. कधी कधी आपणही ‘शुद्ध बोल’ म्हणून मोकळे होतो. ते मूल हळूहळू गप्प बसायला शिकतं. पुढे बुजरं म्हणून त्याची नोंद होते आणि खरं कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.

अशा मुलाला कुडलचा लेख दाखवा. त्याला सांगा की बाळा, ज्या मातीत तुझी कानडी आहे त्याच मातीत मराठीची इतकी जुनी अक्षरं सापडली आहेत. तुझ्या घरच्या भाषेने मराठीचं काही बिघडलेलं नाही. या दोघी हजार वर्षं एका पाणवठ्यावर आहेत. आणि वर्गाला सांगा, की ‘कुडल’चा अर्थ आपल्याला कुणामुळे कळला? कानडी येणाऱ्यामुळे. या पाठात तो मुलगा हुशार ठरतो, बाकीच्यांनी त्याला विचारायचं असतं. एक दिवस तरी त्याला हा मान मिळू द्या. व्याकरण सुधारायला वर्ष पडलंय.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. कानडीला तो २००८ मध्येच मिळाला होता. दोन अभिजात भाषा घरातून आणि शाळेतून फुकट मिळणारं मूल आपण कमनशिबी कसं समजायचं?

फ्रान्समधल्या मास्तरांनी काय केलं?

गावाचा इतिहास लिहायचा कोणी, असा प्रश्न आपल्याला पडतो. फ्रान्समध्ये सर्वांत लहान प्रशासकीय घटकाला कम्यून म्हणतात. आपल्या ग्रामपंचायतीसारखं समजा. असे सुमारे ३५,००० कम्यून तिथे आहेत आणि बहुतेक अगदी छोटे. १८८९ आणि १९०० साली पॅरिसला मोठी जागतिक प्रदर्शनं भरली. त्या निमित्ताने तिथल्या अनेक जिल्ह्यांत गावशाळेच्या मास्तरांना सांगण्यात आलं, की तुमच्या कम्यूनचा भूगोल आणि इतिहास लिहून द्या. मास्तरांनी हाताने लिहिलं, नकाशे काढले. ओढे किती, पीक काय, शाळा कधी निघाली, लोक कसे बोलतात, सगळं. त्या वह्या आज तिथल्या सरकारी दप्तरखान्यांत जपून ठेवल्या आहेत आणि त्या गावांचा इतिहास लिहिणारा आधी त्या उघडतो.

ते कुणी मोठे इतिहासकार नव्हते. गावात राहणारे, सगळ्यांना ओळखणारे आणि नीट लिहिता येणारे शिक्षक होते. आपल्याकडे तरी दुसरं काय लागतं?

आपल्या गावाची वही

सुरुवात अशी करता येईल. शंभर पानी एक वही घ्या, वर्गाची मिळून एकच. पाच भाग करा.

पहिला भाग पाण्याचा. नदी, ओढा, आड, विहिरी, बंधारा, पाण्याची टाकी. आधी कुठलं पाणी प्यायचे, आता कुठलं? मोठा पूर कुठवर आला होता? भिंतीवरची ती खूण मोजून वहीत लिहा, कारण भिंत पुढच्या वर्षी रंगवली जाते.

दुसरा भाग नावांचा. गावाचं, वस्त्यांचं, शेतांचं नाव. प्रत्येक वावराला, टेकाडाला, नाल्याला गावात नाव असतं. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. ही नावं आजी-आजोबांच्या तोंडी आहेत आणि त्यांच्याबरोबरच जाणार आहेत. नाव कानडी, उर्दू, तेलुगू असेल तर ती भाषा बोलणाऱ्याला अर्थ विचारा.

तिसरा भाग दगडांचा. देऊळ, दर्गा, वेस, बुरूज, वीरगळ, सतीचा दगड. कुठे कोरीव अक्षरं दिसली तर हात लावायचा नाही. चुना, तेल, शेंदूर, खडू काहीही फासायचं नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना फोटो काढायचा, तेव्हा अक्षरं उठून दिसतात. जिल्ह्यात कितीतरी लेख ऑइलपेंटच्या थराखाली गेलेत. आपल्या हातून त्यात भर पडायला नको.

चौथा भाग माणसांच्या आठवणींचा. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत. खडी फोडायला कुठे जायचे, सुकडी कशी लागायची, हे त्यांना विचारा. सांगणाऱ्याचं वय आणि तारीख लिहायला विसरू नका.

पाचवा भाग शाळेचा. शाळा कधी निघाली, पहिला पट किती होता, आज किती आहे? जनरल रजिस्टर हा शाळेचा स्वतःचा शिलालेखच आहे. पट घसरून शाळा दुसरीकडे जोडली गेली तर तो इतिहास सांगायला ही वही तरी उरेल.

पालकांनी यात एवढंच करायचं. मुलगी घरी येऊन ‘आज्जीला हे विचारायचंय’ म्हणाली, तर ‘अभ्यास सोडून हे काय’ असं म्हणू नका. तो अभ्यासच आहे. आणि सुट्टीत अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूरला जाताच, तर एकदा कुडललाही जा. उन्हाळ्यात पाणी कमी असतं, दोन्ही पात्रं वेगवेगळी नीट दिसतात. पावसाळ्यात गेलात तर पाण्यात पोरांना उतरवू नका, संगमाला ओढ असते.

सभामंडपात गेल्यावर मुलाला उचलून तुळईवरची ती ओळ दाखवा आणि त्यालाच वाचू द्या. अडखळला तरी मधे बोलू नका.